डबे बंद करा म्हणणारी वेणूमावशी

फोन मी दोनदा कापला. कामरगावच्या बाजारात आमच्या मंडळाची सभा चालू होती, भोंगा माझ्या हातात होता, आणि अंगणवाडीच्या बायांवर गावातली सगळी कामं लादायची पण त्यांचं म्हणणं मात्र कुणी ऐकून घ्यायचं नाही, हेच मी तावातावानं सांगत होते. समोर भाजीवाल्या, जीप भरायची वाट पाहणारी माणसं, दोन-तीन ओळखीचे चेहरे... तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. पलीकडे रुख्माबाई होती, मावशीच्या अंगणवाडीतली मदतनीस. "करुणा, तुही मावशी गेली वं," एवढंच म्हणाली. भोंग्याचं बटण दाबलेलंच होतं. माझं "कधी?" अख्ख्या बाजारानं ऐकलं.

सकाळी आंघोळ करून ती अंगणवाडीच्या पायरीवर बसली होती. डोकं दुखतं म्हणाली. रुख्माबाईनं पाणी आणेपर्यंत तोंड वाकडं झालं होतं. वाशिमला न्यायला जीप काढली, पण मेडशीच्या फाट्याला लागेपर्यंत सगळं संपलं होतं. वय पन्नाशीच्या थोडं पुढे. बीपीच्या गोळ्या चालू होत्या, म्हणजे घरात होत्या. घ्यायची आठवण तिला दुसऱ्यांच्या गोळ्यांची राहायची.

तिचा जलदानविधी होऊन आता तीन आठवडे झाले. त्या दिवशी जो उठला तो म्हणाला, वेणूबाई फार सोशिक होत्या, कुणाला कधी उलटून बोलल्या नाहीत. मी खाली मान घालून ऐकत होते आणि आतून जळत होते. खोटं आहे हे. मेलेल्या बाईला सोशिक म्हणून टाकलं की तिनं काय मागितलं होतं ते विसरायला बरं पडतं. माझ्या आईची ही थोरली बहीण अजिबात सोशिक नव्हती. तिनं गावाकडे एक गोष्ट मागितली होती आणि ती मिळायच्या आधी ती गेली. त्याबद्दलच लिहायचं आहे.

मेडशीपासून आत, जिथे शेतं संपतात आणि सागाचं रान सुरू होतं, तिथे तिचं गाव. अंगणवाडी एका खोलीची. पावसाळ्यात रानात चिखल, डास, साप. तेव्हा मावशी पोरांना खोलीतच ठेवायची. पण आश्विन लागला, गवत पिवळं पडलं, सीताफळांचे डोळे उघडायला लागले की सकाळी नऊ ते अकरा तिची अंगणवाडी रानात भरायची. तीन ते सहा वर्षांची पोरं, एकमेकांचा सदरा धरून रांगेत. पुढे मावशी, मागे रुख्माबाई. शिकवायची काय, तर काहीच नाही असं वाटायचं. कोळ्याच्या जाळ्यावरचं दव न सांडता कुणाला बघता येतं? सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल का होतो? मुंग्यांच्या वाटेत काडी आडवी टाकली तर त्या काय करतात? बिब्याच्या झाडाला लांबूनच हात जोडायचे, खाजकुयरीच्या शेंगेकडे बघायचं सुद्धा नाही. सीताफळाच्या बियांनी मोजणी, पानांची ताटं, मातीचा स्वयंपाक. आमच्या वस्तीतली पोरं आणि वरच्या आळीतली पोरं त्याच ताटात जेवायची, मातीचंच का होईना. खोलीत मात्र पाण्याच्या बाटल्या वेगवेगळ्या राहायच्या, हे तिनं मला एकदा सांगितलं होतं. अगदी सहज, भाजी कशी झाली ते सांगावं तसं.

मी पहिली चूक तिथे केली. खोलीचं छत गळत होतं. मी तेव्हा मंडळात नवीन, हात शिवशिवत होते. मी पत्रक लिहिलं. वर ठळक अक्षरांत, 'छत गळते, चिमुकली रानात!' खाली गोरगरिबांच्या लेकरांना जनावरांच्या तोंडी देणारी व्यवस्था वगैरे वगैरे. पत्रक चांगलं गाजलं. मी एक प्रत घेऊन ऐटीत मावशीकडे गेले. तिनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि माझ्या हातात परत दिलं.

"माह्या शाळेचं रडगाणं केलं तू."

"अगं पण छत गळतंच ना?"

"गळते. पण मी त्याच्यानं रानात नाई जात. छत सोन्याचं असतं तरी गेली असती. हे काहून नाई लिहिलं?"

मी पत्रक पिशवीत कोंबलं. महिनाभरात छत दुरुस्त झालं, भिंतींना रंग आला, आणि रंगाबरोबर निरोपही आला की आता खोली चांगली झाली आहे, तर पोरांना बाहेर नेऊ नये. माझं पत्रक जिंकलं होतं. मावशीनं निरोप ऐकला आणि दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन रानात गेली.

आता तो दिवस. गेल्या वर्षीचा आश्विन, सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, ऐन भरात. आमच्या भागात सोंगणीला सुरुवात गावाकडून होते आणि काम रानाकडे सरकत जातं. उभं पीक कमी कमी होत जातं तसे त्यात दडलेली रानडुकरं मागे मागे सरतात आणि शेवटच्या पट्ट्यात गोळा होतात. तो पट्टा कापायला घेतला की शेतकरी डबे बडवतात, आरडाओरडा करतात आणि डुकरं सुसाट रानात पळतात. रानात, म्हणजे मावशीच्या पोरांकडे. म्हणून तिनं पोरांना एक खेळ शिकवला होता. डबा वाजला की जाडशा झाडामागे जाऊन दगड व्हायचं. हलायचं नाही, हुं की चूं करायचं नाही, कुणी नाव घेऊन हाक मारली तरी ओ द्यायची नाही. सरावाला ती स्वतःच ताटली वाजवायची आणि मग गवताची काडी घेऊन एकेका दगडाच्या कानात गुदगुल्या करत फिरायची. जो हसला तो बाद. ती "दगडाले पाय फुटले" म्हणाली की खेळ संपला. या खेळात गौरीला कुणी हरवू शकत नव्हतं. चार वर्षांची, दोन शेंड्या, नाक सतत वाहतं. वरच्या आळीतल्या नामदेवरावांची नात.

त्या दिवशी मी गावातच होते, मंडळाची सभासद नोंदणी करायला, भोंगा घेऊन. साडेदहाच्या सुमारास रुख्माबाई धावत आली. कुणाच्या तरी शेतात डबा वाजला होता, पोरं दगड झाली होती, मावशीनं खेळ संपवला त्याच क्षणी पुन्हा डबा वाजला, जवळची सगळी उठली... गौरी उठली नाही. कुठल्या झाडामागे गेली तेच कुणी पाहिलं नव्हतं. गावात बातमी तिच्याही आधी पोचली होती, त्यात डुक्करही घातलं गेलं होतं. पंधरा मिनिटांत काठच्या सगळ्या शेतांतली माणसं रानात शिरली. आणि रानात शिरताना आमच्याकडे माणूस काय करतो? जनावर लांब पळावं म्हणून डबा वाजवतो. तीस-चाळीस माणसं, प्रत्येकाच्या हातात डबा, पिपा, ताटली, नाहीतर परात. "गौरी! ए गौरे!" आणि मध्ये मी, भोंग्यावर सायरन लावून, जणू मोर्चाच चालवत होते.

मावशी कुणाच्या ना कुणाच्या हाताला झोंबत होती. "डबे बंद करा! अरे डबे बंद करा, पोरगी आयकून राह्यली म्हणूनच बोलत नाई!" कुणाला काही कळत नव्हतं. ज्या बाईनं पोर हरवलं तिचं कोण ऐकतो? नामदेवरावांनी तिला ढकललं. पडली नाही, पण साडीचा पदर बोराटीत अडकून फाटला. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "करुणा, ते भोंगं बंद कर."

मी म्हणाले, "मावशी, बाजूला हो, मी शोधतेय ना!"

हे मी बोलले आहे. लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी मला सोशिक म्हणणार नाही.

साडेअकरा वाजले, बारा वाजले. ऊन असं की पानं करपावीत. नाल्यात माणसं उतरली होती. कुणीतरी विहिरीकडे पळालं आणि विहिरीचं नाव निघताच बायांनी रडायला सुरुवात केली. गौरीची आई सविता मात्र रडत नव्हती. तिच्या हातातही ताटली होती, घरातली स्टीलची, वाजवून वाजवून पोचे पडलेली. मावशी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. हात नाही लावला. म्हणाली, "सविता, घरी गौरी दगड-दगड खेळते का नाई?"

"खेळते."

"तू ताटली वाजवते तवा काय करते?"

सविताचा हात थांबला. तिनं हातातल्या ताटलीकडे बघितलं, आणि मग जे ओरडली ते मी आयुष्यात विसरणार नाही. "थांबा! सगळे थांबा! मामंजी, डबा ठेवा खाली!" सून सासऱ्यावर ओरडली, सगळ्या गावासमोर. नामदेवरावांचा हात वरच राहिला. मी भोंगा बंद केला. एकेक करून सगळे थांबले. रानात इतकी शांतता पसरली की साग पान टाकतो त्याचा आवाज यावा. मावशीनं घसा साफ केला आणि तिच्या नेहमीच्या आवाजात, ना मोठ्यानं ना हळू, म्हणाली, "चला रे, दगडाले पाय फुटले."

आम्ही उभे होतो तिथून वीस पावलांवर एका धावड्याच्या झाडामागून गौरी उठली. त्याच्या पलीकडून आणि अलीकडून आम्ही दहा वेळा गेलो असू. चड्डी ओली, पायाला मुंग्या डसलेल्या, गालांवर माती आणि पाणी. ती आईकडे नाही गेली. सरळ मावशीकडे आली आणि म्हणाली, "बाई, मीच जिकली ना?"

मावशी खाली बसली. "हो वं माय, तूच जिकली," म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या ओट्यावर बैठक. पर्यवेक्षिका बाई आल्या होत्या, बिचाऱ्या गाडीच्या धुळीनं माखलेल्या, काय करावं ते त्यांनाही कळत नव्हतं. नामदेवराव म्हणाले, आता रानात पाय टाकायचा नाही. मागून कुणीतरी पुटपुटलं, "पोरं आपल्या माणसाच्या हाताखाली पायजेत, बापा." आपल्या माणसाच्या! मी उठले. माझ्या डोक्यात पत्रक अर्धं लिहून झालं होतं, मथळ्यासकट. मावशीनं माझं मनगट धरलं. नखं रुतली. ती स्वतः उठली.

"आपला माणूस कोन ते मंग ठरवू. आधी चूक सांगतो. चूक माही हाये. खेळ पोराईले शिकवला, गावाले नाई शिकवला. तुमी डबे वाजवनार हे मले कळाले पायजे होतं. पन रान बंद करून ही चूक नाई निस्तरत. पोरं शेतात येतातच, मायच्या मागं बांधावर बसतातच. डुक्कर तर बांधावरबी येते. मंग कुठं कुठं कोंडान?"

तिनं मग तिचं मागणं मांडलं. सोंगणीच्या दिवसांत, रानाला लागून असलेला शेवटचा पट्टा सकाळी अकराच्या आत कापू नका. पोरं अकराला परत येतात. त्यानंतर डबे बडवा, भोंगे लावा, काय करायचं ते करा. दोन तास, फक्त दोन तास तेवढा पट्टा उभा ठेवा.

नामदेवराव हसले. "सोंगणीत दोन तास बाया बसवू मी? वरून ढगं आले तर? सोयाबीन भिजलं तर तुही शाळा वाळवून देईन का?"

पर्यवेक्षिका बाईंनी मधला मार्ग काढला. पालकांची संमती आणि काठच्या सगळ्या शेतकऱ्यांची संमती आणली, तर पुढच्या आश्विनात बघू. सगळ्यांची. एकही सुटता कामा नये.

हे वर्ष मावशीनं त्यात घालवलं. माझ्यासारख्या लोकांना वाटतं की मत बदलायला मथळा लागतो. ती बांधावर जाऊन बसायची. कुणाच्या निंदणात हात लावायची, कुणाच्या सुनेच्या बाळाचं वजन घ्यायची, आणि उठताना एकच वाक्य बोलायची, "तेवढा पट्टा अकराच्या मागून घेजा, भाऊ." काठाला सात शेतं. पोळ्यापर्यंत सहा झाली. सातवं नामदेवरावांचं, नेमकं रानात शिरणाऱ्या वाटेला लागून. त्यांच्याकडे ती किती वेळा गेली ते त्यांनाच माहीत. मी एकदा सोबत होते. ते गोठ्यात होते, बाहेर आले नाहीत. आतूनच म्हणाले, "वेणूबाई, तुले एकदा सांगतलं ना?" मावशी म्हणाली, "तुमी एकदाच सांगतलं, मले अजून पुष्कळ वेळा विचारायचं हाये." परत येताना मी चिडून म्हणाले, याच्यावर एक पत्रक काढू? तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी विषयच बदलला.

वर्षभर पोरं त्या रंगवलेल्या खोलीत बसली. मावशी त्यांना पानं आणून दाखवायची. एकदा तिनं कोळ्याचं जाळं काडीवर अलगद उचलून आणलं. दारापर्यंत येईस्तोवर ते फाटलं. पोरं म्हणाली, बाई, काडीच हाये. "हो, काडीच हाये," म्हणाली, आणि काडी कोपऱ्यात टाकून आली. रुख्माबाईनं हे सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझ्या पत्रकानं नेमकं काय जिंकलं होतं.

ती गेली ती दसऱ्याच्या आधी. सातवी संमती आली नव्हती.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात रुख्माबाईचा फोन आला. नवीन सेविका अजून आलेली नाही, सगळं काम तिच्या अंगावर. म्हणाली, "उद्या पोराईले घेऊन जातो मी. तू ये. पन भोंगं घरी ठेव." मी विचारलं, नामदेवरावांनी हो म्हटलं का? "नाई माहीत," म्हणाली. "सविताले विचारलं. ते म्हनते, मामंजी घरात काईच बोलून नाई राह्यले."

मी पहाटेची एसटी धरून गेले. आभाळात ढग होते, आश्विनात असायला नकोत असे, काळे, वाशिमच्या बाजूनं चढत येणारे. अंगणवाडीपुढे अकरा पोरं होती. वरच्या आळीतली चारच. सविता गौरीला घेऊन आली, चप्पल घट्ट आहे का ते वाकून बघितलं आणि म्हणाली, "चला, मीबी येतो." रांग लागली. मावशीच्या जागेवर पुढे कोण चालणार यावर क्षणभर सगळे थबकले... मग गौरीच पुढे झाली. वाट तिला पाठ होती.

शेतं लागली. पहिलं शेत, दुसरं शेत, कापून पिकाच्या सुड्या लागलेल्या. कुणी मान वर करून बघत होतं, कुणी बघत नव्हतं. नामदेवरावांचं शेत जवळ आलं तसा सवितानं पदर खोचला. माझे कान डब्याकडे लागले होते. एक आवाज झाला असता तर सगळी पोरं जिथल्या तिथे दगड झाली असती, वाटेच्या मधोमध, आणि उभ्या पिकातून जे काय सुटलं असतं ते त्यांच्यावरच.

शेत जवळजवळ सगळं कापून झालं होतं. रानाच्या बाजूला फक्त एक पट्टा उभा होता, आठ-दहा ओळींचा, पिवळा, शेंगांनी वाकलेला. सोंगणाऱ्या बाया बांधावर बसल्या होत्या. विळे बाजूला, चहाची किटली मध्ये. नामदेवराव पट्ट्याच्या तोंडाशी उभे होते, पाठ आमच्याकडे, तोंड आभाळाकडे. ढग डोक्यावर आले होते.

एक बाई हसत म्हणाली, "पाह्य वं करुणा, वेणूबाईनं मेल्यावरबी आमाले बसवून ठेवलं."

"चूप बसा," नामदेवराव मागे न वळता म्हणाले. मग सुनेला, त्याच स्वरात, "न्या ना पोट्टे. उभ्या कायले राह्यल्या? अकराले या."

रांग पुढे सरकली. सविता सासऱ्यांकडे बघत नव्हती, तेही तिच्याकडे बघत नव्हते. पोरं एकेक करून सागांमध्ये शिरली आणि दिसेनाशी झाली. मी बांधावर थांबले. कपभर चहा कुणीतरी हातात दिला. पावसाचा एक थेंब पडला, मग दुसरा. बाया आभाळाकडे आणि मालकाकडे आळीपाळीनं बघायला लागल्या. पट्ट्याच्या आत काहीतरी हललं, शेंगा खुळखुळल्या, आणि एका मजुराचा हात सवयीनं शेजारच्या डब्यावर गेला. नामदेवरावांनी नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्यानं हात काढून मांडीवर ठेवला. रानातून पोरांच्या हसण्याचा आवाज येत होता. साडेनऊच वाजले होते.